रंगावरचा बोल्ट

पॅनलचं दार उघडलं तसा आधी जळक्या वार्निशचा वास नाकात गेला, आणि मग, खोटं कशाला बोला, त्याच्या पोटात दुखलं. ट्रान्सफॉर्मर जळलाय हे बाहेरूनच कळलं होतं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कागद कापायचं मशीन एकाएकी गप्प झालं, बटणाजवळचा दिवा गेला आणि पॅनलच्या जाळीतून निळसर धूर आला. त्यात पोटात दुखण्यासारखं काही नव्हतं. ट्रान्सफॉर्मर जळतात, ते बदलायचे असतात, त्यासाठीच तर कारखान्याने त्याला इलेक्ट्रिशियन म्हणून ठेवलं होतं. दुखलं ते वायरींमुळे. सात वर्षांत त्याने हे एक पॅनल कधी पुरतं उघडलं नव्हतं. फ्यूज बघायचा झाला तर दार चार बोटं किलकिलं करायचं, हात घालायचा, लावून टाकायचं. आज दार भिंतीला टेकेपर्यंत उघडावं लागलं आणि आतला सगळा संसार समोर आला. एकूण एक वायर सरळ. वळायचं तिथे सगळ्या एकाच गोलाईत वळलेल्या. दर दोन बोटांवर मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ, आणि गाठ मागच्या बाजूला दडवलेली, म्हणजे पुढून नुसती दोऱ्याची बारीक रेघ दिसावी. एकोणीस वर्षांची धूळ बसली होती, पण एक दोरा सैल पडला नव्हता. मधोमध तो ट्रान्सफॉर्मर काळाठिक्कर होऊन बसला होता. तोसुद्धा कसा जळला होता, तर शेजारच्या एकाही वायरीला आच लागू न देता.

ज्याचं हे पॅनल, त्या माणसाला कारखान्यात ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. कुठे एक वायर तिरकी दिसली तर हा माणूस जेवणावरून उठायचा म्हणे. म्हणे म्हणजे, सगळं म्हणेच. ओळंब्याला ह्याने डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी, सुट्टीच्या दिवशी पेपर वाचता वाचता ओळंबा खुर्चीतल्या खुर्चीत गेला, आणि वर्षभराने त्याच्या जागेवर हा लागला. कारखान्यात इलेक्ट्रिशियन एकच. आधी तो, नंतर हा. आणि आणखी दोन वर्षांनी ह्याने ओळंब्याच्या बायकोशी लग्न केलं. रजिस्टर लग्न, दोन सह्या, चार माणसं, संपलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये फिटर पलीकडच्या टेबलावर म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा!" आणि बाकीचे फिस्सकन हसले. ह्याची त्यांच्याकडे पाठ होती. त्याने चहा संपवला, कप धुतला, जागेवर ठेवला. चुकीचं काय होतं त्यात? नोकरी ओळंब्याची. हत्यारं ओळंब्याची, कारण ती लॉकरमध्ये तशीच पडली होती आणि पक्कड चांगली होती. घरही ओळंब्याचंच, कारण ह्याची भाड्याची खोली म्हणजे पाय लांब केले की दार उघडायचं. आणि बायको. बायको ओळंब्याची असं मनातसुद्धा म्हणायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि रोज निदान एकदा तरी म्हणायचा.

फिटर मागे येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, आत डोकावत. "बघ रे, बघ. याला म्हणतात काम. ओळंबा असता ना, दहाच्या आत मशीन चालू झालं असतं."

"ओळंबा असता तर हा ट्रान्सफॉर्मर जळला नसता का?" ह्याने विचारलं.

"नसता जळला," फिटर अगदी मनापासून म्हणाला. "त्याच्या धाकात होतं सगळं." आणि दाढ ठणकतेय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून दाताच्या डॉक्टरकडे निघून गेला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगाच नाही. जिवंत म्हशीचं दूध लोक मापात घालून बघतात, वर पाणी आहे का म्हणून बोट बुडवतात. मेलीचं कोण मोजणार? ह्याने मेन स्विच पाडला, त्याला आपलं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि आत वीज उरली नाही ना ते मीटर लावून दोनदा बघितलं. एवढं तरी त्याचं स्वतःचं होतं. हात लावण्याआधी दोनदा मोजायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं; एकदा झटका खाऊन तो शिकला होता.

त्याने बायकोला पहिल्यांदा पाहिलं ते लॉकरपाशीच. ओळंब्याच्या लॉकरची किल्ली कुणाला सापडेना, म्हणून कुलूप करवतीने कापायला ह्याला बोलावलं होतं. ती बाजूला उभी होती, हाताची घडी घालून, आणि करवत कशी चालते त्याकडे बघत होती. आतून एक छत्री निघाली, एक स्वेटर, आणि हत्यारांची पेटी. तिने छत्री आणि स्वेटर घेतला. पेटीकडे थोडा वेळ बघून म्हणाली, "ही राहू द्या. तुम्हाला उपयोगी पडेल." मग ओळख वाढवायला म्हणून, आणि तिला हसवायला म्हणूनही, पुढे एकदा चहा पिताना तो म्हणाला होता की आधीच्या कारखान्यात आमच्याकडे बायका होत्या कामाला, पण बायकांच्या हातात वायर दिली की त्या वेणी घालतात. ती हसली होती. चांगली मोकळी हसली होती. त्या हसण्यावर तो चार महिने जगला आणि मग त्याने लग्नाचं विचारलं. लग्नानंतर मात्र त्याच्या लक्षात आलं की घरात ओळंब्याचा फोटो नाही, नाव नाही, गोष्ट नाही. ती कधी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, डोक्यावरून हात फिरवता आला असता. भांडणात तोंडून एखादं "ते असते तर" निसटलं असतं, तर त्यालाही तोडून बोलता आलं असतं. ती काहीच बोलायची नाही, आणि घरातल्या भिंतीवरचे स्विचबोर्ड तेवढे सरळ रेषेत त्याच्याकडे बघत राहायचे. तीन वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीत त्याने नवा बोर्ड बसवला. ती आली, बोर्डाकडे बघितलं, किंचित थांबली, आणि म्हणाली, "छान झालाय." त्या थांबण्याचं काय करायचं हे त्याला अजून कळलं नव्हतं. एक श्वास घेण्याइतकी ती थांबली असेल. तेवढ्या श्वासात ओळंबा येऊन बोर्ड बघून गेला, असं त्याला वाटायचं.

नवा ट्रान्सफॉर्मर स्टोअरमधून आला, जड, तांबूस, कोऱ्या वासाचा. आता गंमत बघा. जुन्यात कमी दाबाची दोन टोकं वरच्या अंगाला होती, नव्यात खालच्या. म्हणजे ओळंब्याच्या नेमक्या मापाने कापलेल्या वायरी खाली पोचेनात. दोऱ्याच्या गाठी कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्याने ब्लेड घेतलं आणि पहिली गाठ कापली. कापताना बरं वाटलं. दुसरी कापताना जास्त बरं वाटलं. सातव्या गाठीला त्याच्या लक्षात आलं की चार पुरल्या असत्या. चारशे पंधरा व्होल्टचा दाब एका अंगाला जोडायचा, दुसऱ्या अंगाने एकशे दहाचा बाहेर पडतो, त्यावर बटणं, दिवे आणि पातं सोडणारा झडपेचा चुंबक चालतो. वरच्या अंगाच्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीतून भलत्याच दाबासाठी लावून आल्या होत्या, त्या त्याने सोडवून योग्य जागी बसवल्या. एकशे दहाच्या एका टोकाला फ्यूज. दुसऱ्या टोकापासून हिरवी वायर, तिच्या टोकाला तांब्याची कडी, आणि ती कडी पॅनलच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली. हे अर्थिंग. ट्रान्सफॉर्मरकडचं टोक त्याने सोडवून नव्यावर लावलं. पत्र्याकडचा बोल्ट जुनाच होता, ओळंब्याचा, त्याला हात लावायची गरजच नव्हती. सवयीने त्याने मीटरची एक पिन बोल्टच्या डोक्यावर ठेवली आणि दुसरी खालच्या मुख्य अर्थपट्टीवर. मीटरने वाजायला हवं होतं. मीटर वाजला नाही.

त्याने पिना पँटला पुसल्या. पुन्हा लावल्या. नाही. दोन्ही पिना एकमेकींना लावून बघितल्या. वाजला, म्हणजे मीटर ठीक होता. मग त्याने पाना घेतला, बोल्ट सोडवला, हिरवी वायर बाजूला केली आणि टॉर्च मारला. पत्र्यावर राखाडी रंग जसाच्या तसा होता. कडीचा गोल वळ उठला होता, बस. मागे हात घालून चाचपलं, नटखालीही रंग. रंगाचा असा जाड थर म्हणजे विजेला भिंतच. अर्थाची कडी बसवायच्या आधी तेवढ्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा चकचकीत करायचा असतो, हे पहिल्या महिन्यात शिकणाऱ्यालाही सांगतात. ओळंब्याने खरवडलं नव्हतं. ओळंब्याने! एकोणीस वर्षं ती हिरवी वायर मखमलीवर ठेवल्यासारखी नुसती शोभेला बसली होती, कुठेही न जोडलेली.

त्याला इतका आनंद झाला की त्याने आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं. कानशिलं गरम झाली. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला भूक लागल्यासारखी भूक लागली. फिटर इथे हवा होता, आत्ता, दाढेसकट! साहेब दुसऱ्या कारखान्यात मीटिंगला गेले होते, उद्या सकाळी नऊला येणार. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि काढता काढताच त्याला फिटरचं तोंड दिसलं: फोटोत काय, बोल्ट तूच सोडवला होतास, तूच लावून ठेवला असशील. खरंच होतं ते. एकदा रंग खरवडला की पुरावा गेला. मग उरणार ह्याचा शब्द आणि ओळंब्याचं नाव, आणि त्या तराजूत कुठलं पारडं खाली जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. साहेबांनी स्वतःच्या हाताने पिन लावायला हवी, मीटर गप्प राहिलेला फिटरने स्वतःच्या कानाने ऐकायला हवा. आणि मशीन? मशीनला काय, ते असंच चालत आलं होतं. अर्थ नसला म्हणून काही बंद पडत नाही. बटणं चालतात, दिवा लागतो, पातं उतरतं. फक्त एवढंच, की अर्थ असला तर घासून सोललेली एखादी वायर मशीनच्या अंगाला टेकल्याबरोबर फ्यूज उडतो आणि माणसाला कळतं. नसला तर पहिली टेकली तरी कुणाला पत्ता नाही, मशीन मुकाट चालत राहतं. आणि बटणाच्या अलीकडची एक, पलीकडची एक, अशा दोन टेकल्या तर मशीनला वाटतं बटण दाबलंय, आणि पातं आपलं आपण खाली येतं. हे त्याला ठाऊक होतं. अगदी याच शब्दांत ठाऊक होतं. एकोणीस वर्षं झालं नाही, ते एका दिवसात काय होणार, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ऐकणाराही तोच असल्यामुळे ते लगेच पटलं. त्याने कडी पुन्हा रंगावर ठेवली, वळावर वळ बरोबर जुळवून, आणि बोल्ट चांगला आवळला.

तीन वाजता दुसऱ्या पाळीची मावशी आली. मशीनवर कापायचं काम तिचं, बारा वर्षं झालेली. कारखान्यात कुणालाही उलटं बोलायचा परवाना असल्यासारखी बोलायची. "झालं का रे तुझं ऑपरेशन? पेशंट जगला का?"

"जगला, मावशी."

"मग घालू ना हात?" तिने कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवत विचारलं. चार फुटांचं पातं, पाचशे कागद एका दमात कापणारं.

"घाला. बिनधास्त घाला."

तो कारखान्यातून निघाला तेव्हा चालत नव्हता, तरंगत होता. घर पंधरा मिनिटांवर. वाटेत त्याने वाक्यं जुळवली. रागाने नाही सांगायचं. सहज सांगायचं, चपला काढता काढता. आज एक मजा झाली. नाही, मजा नको, हलकं वाटतं. आज ते कापायचं मशीन उघडलं होतं. मग ती विचारेल, काय झालं होतं? मग आपण जरा वाईट वाटल्यासारखं करायचं. चूक कुणाकडूनही होते, माणूस आहे, असं वर म्हणायचं. त्या मोठेपणाची चव त्याला आताच तोंडात आली. तिचा चेहरा कसा होईल? उतरेल. जरासाच उतरेल. त्या तेवढ्या उतरलेल्या चेहऱ्यात आपल्याला एक खुर्ची टाकायला जागा होईल, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. वाईट माणूस नव्हता तो. पण पाच वर्षं दुसऱ्याच्या उशीवर डोकं ठेवून झोपलेला माणूस होता.

ती खिडकीजवळ बसली होती. चष्म्याच्या दुकानात कामाला होती ती, आणि दुकानात न संपलेलं काम घरी आणायची. मांडीवर फडकं, फडक्यावर कुणाचा तरी चष्मा, आणि हातातल्या सुईएवढ्या स्क्रूड्रायव्हरने ती त्याचा स्क्रू बसवत होती. "चहा ठेवलाय," मान वर न करता म्हणाली. "आज उशीर?"

"ते कापायचं मशीन आहे ना. ट्रान्सफॉर्मर बदलला त्याचा." तो समोर बसला. जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. "अर्थ नव्हता त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे वायर होती. दिसायला फार सुंदर. पण रंगावर आवळलेली. खाली खरवडलंच नव्हतं. एकोणीस वर्षं! एवढा मोठा कारागीर, सगळा कारखाना ओळंबा, ओळंबा करतो, आणि पहिलीतल्या पोराची चूक. मी कुणाला बोललो नाही हं अजून. उद्या साहेबांना दाखवीन, इलाज नाही. माणूस आहे, चूक होते..."

तिचा हात थांबला होता. "कुठलं मशीन म्हणालात?"

"कागद कापायचं. खिडकीकडचं."

"राखाडी पॅनल. दार डावीकडे उघडतं." ती विचारत नव्हती. तिने चष्मा फडक्यावर ठेवला, मग फडकं खाली ठेवलं. "दोरा मेणाचा. गाठी मागे."

"तुला कसं माहीत?"

"ते पॅनल त्याने नाही केलं. मी केलंय."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिचं म्हणणं त्याला ऐकू आलं होतं, पण ते डोक्यात बसायला जागा शोधत होतं. ती सांगत होती, हळूहळू, त्याच्याकडे न बघता. लग्नाआधी आणि नंतरही थोडे दिवस ती पॅनल बनवायच्या वर्कशॉपमध्ये होती, सहा वर्षं, वायरिंगवर. ते बंद पडलं म्हणून चष्म्याकडे आली. कारखान्यात पॅनल ट्रकने जायची, कुणी केली ते तिथे कोण विचारतंय? "तो सांगायचा लोकांना, माझं काम नाही म्हणून. पण लोकांना सरळ वायर दिसली की तोच आठवायचा. मग त्यानेही सांगणं सोडलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही म्हणाला होतात, बायका वेणी घालतात." ती हसली नाही. "मला हसू आलं होतं त्या दिवशी, खरंच आलं होतं. नंतर म्हटलं, जाऊ दे. आता कशाला लाजवायचं."

पाच वर्षं ज्या हाताचा त्याने द्वेष केला, तो हात त्याच्या समोर फडक्यावर पडला होता. त्याच्या डब्यात पोळ्या भरणारा, तापात कपाळावर येणारा. बोर्डापुढे ती का थांबली होती ते त्याला आता कळलं. तिला तिरका दिसला होता, दुसरं काही नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग तिने कपाळावर हात मारला.

"आठवलं. देवा! पॉलिश पेपर हातात होता माझ्या. खरवडायला घेणार, तेवढ्यात तो आला. कारखान्याकडून पॅनल बघायला आला होता, पहिल्यांदाच. माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ह्या गाठी मागे का लपवता, पुढे का नाही? मी म्हटलं, बघणाऱ्याला दोरा दिसावा, गाठ नाही. मग बोलतच बसलो. संध्याकाळ झाली. मी पेपर खिशात टाकला आणि कडी तशीच आवळली." तिच्या चेहऱ्यावर एक काहीतरी येऊन गेलं, त्या भीतीतूनही आलं, उजेडासारखं. त्याने ते पाहिलं. पाच वर्षांत त्याच्यासाठी ते एकदाही आलं नव्हतं. म्हणजे मघापासून ज्या राखाडी गोल वळाकडे बघून तो मनात नाचला, तो ओळंब्याचा कमीपणा नव्हताच. ते ह्या दोघांचं भेटणं होतं, बोल्ट आवळून एकोणीस वर्षं जपलेलं, आणि आज दुपारी तो स्वतःच्या हाताने तो बोल्ट पुन्हा आवळून आला होता. त्याचा जळफळाट झाला.

"बरं झालं, तुम्ही बघितलंत," ती म्हणत होती. "कुणाचा हात गेला असता तर... स्वच्छ खरवडलंत ना? मोजलंत?"

तो फडक्यावरच्या चष्म्याकडे बघत राहिला.

"अहो, खरवडलंत ना?"

"उद्या साहेब आले की," तो म्हणाला. "त्यांनी बघायला हवं ना आधी."

"मशीन बंद आहे ना पण?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि ते पुरलं. ती उठली. चहा उतू गेला होता, तिने फक्त गॅस बंद केला. कपाटाच्या खालच्या खणातून एक डबा काढला, त्यातून पॉलिश पेपरचा तुकडा घेतला, चपला घातल्या, दार उघडलं. "मावशी असतील ना आता मशीनवर?" तिने विचारलं. तो काही बोलायच्या आत जिना उतरून गेली. ती पुढे, तो मागे. ती जवळजवळ पळत होती. त्याने वाटेत कारखान्यात फोन लावला, ऑफिस सुटलं होतं, कुणी उचलला नाही. अशा वेळी माणसाने मावशीच्या बोटांचा विचार करावा. तो करायचा प्रयत्नही करत होता. पण डोळ्यांपुढे सारखं एक वर्कशॉप येत होतं, खिडकीतून तिरपं ऊन, एका मुलीच्या हातात पॉलिश पेपर, आणि तिच्या मागे उभा एक माणूस. त्या माणसाला चेहरा नव्हता, फोटोच कुठे पाहिला होता? तरी तो हसताना दिसत होता.

कारखान्याच्या फाटकाशी वॉचमन उठून उभा राहिला. "वहिनी, तुम्ही?" ती त्याला ओलांडून आत शिरली. आतून मशीनचा ठेका ऐकू येत होता, दाब, काप, वर. दाब, काप, वर. मावशी दोन्ही हातांनी गठ्ठा आत ढकलत होती. हात बाहेर घ्यायचे, दोन्ही बटणं दाबायची, पातं खाली. पुन्हा हात आत. ह्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि कुलूप घातलं. ठेका थांबला.

"काय रे, आता काय? अर्धा माल राहिलाय माझा!" मावशी ओरडली. मग त्याच्या मागे त्याच्या बायकोला बघून तिने गठ्ठ्यावरचे हात काढले.

तिने पॅनलचं दार उघडलं. कापलेल्या सात गाठींकडे तिने पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मीटर लावून वीज नसल्याचं दोनदा बघितलं, मग तिने पाना मागितला. त्याने दिला. टॉर्च मागितला. तो टॉर्च धरून तिच्या मागे उभा राहिला, नेमका तिथे, जिथे माणूस उभा राहिला की बोलणं सुरू होतं. पण बोलण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. तिने बोल्ट काढला, पेपर बोटाला गुंडाळला आणि खरवडायला लागली. राखाडी भुकटी तिच्या मनगटावर पडत होती. ती पटापट हलणारी बोटं, खालचा ओठ दातात धरलेला, कानामागे सुटलेली बट. ही बाई त्याने कधी पाहिली नव्हती. ओळंब्याने रोज पाहिली असेल. त्याला आता ओळंब्याच्या घराचा हेवा नव्हता, नोकरीचा नव्हता, नावाचाही नव्हता. फक्त ह्या एका दृश्याचा होता, आणि तो असा होता की डोळ्यांत पाणी आलं. पत्रा चकचकीत झाला. मागचाही झाला. तिने कडी बसवली, आवळली, बाजूला सरकली. त्याने पिना लावल्या. मीटर वाजला.

"आता चालू करा," ती म्हणाली.

त्याने कुलूप काढलं, मावशीला मशीनपासून चार पावलं मागे उभं केलं आणि मेन स्विच वर केला. पॅनलमध्ये 'टक्' झालं. बटणाचा दिवा लागला नाही. फ्यूज उडाला होता. त्याने नवा फ्यूज घातला, स्विच वर केला. टक्.

मग त्याने पुन्हा सगळं बंद केलं, कुलूप घातलं, खाली बसला आणि टेबलाखालून बटणाकडे जाणाऱ्या वायरी चाचपत गेला. सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बटणाच्या डबीत शिरताना एक वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती आणि उघडं तांबं मशीनच्या अंगाला टेकलं होतं. किती महिन्यांपासून, देव जाणे. तिच्या शेजारून, अगदी लागून, बटणाच्या पलीकडची वायर जात होती. तिचं वरचं आवरण त्याच धारेवर झिजून कागदाइतकं पातळ झालं होतं.

"म्हणजे काय झालं?" मावशीने विचारलं. आवाज उतरला होता तिचा.

"एक टेकलेली होती, मावशी," ती म्हणाली. "दुसरी टेकायची राहिली होती. टेकली असती, तर बटण न दाबता पातं आलं असतं."

मावशीने आपले दोन्ही हात वर घेतले, उलटे केले, सुलटे केले. कारखान्यात पहिल्यांदाच मावशी काही बोलली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

तो जमिनीवरच बसला होता, सोललेली वायर बोटात धरून. काहीतरी म्हणायला हवं होतं. चूक कुणाकडूनही होते, हे वाक्य त्याच्याकडे घरी जातानाच तयार झालं होतं. "तुझी काही..." त्याने सुरुवात केली. "एकोणीस वर्षांपूर्वीचं ते. तू मनाला लावून घेऊ नकोस. राहून जातं माणसाकडून."

ती पॉलिश पेपरची घडी घालत होती. घडी घालून झाल्यावर तिने त्याच्याकडे बघितलं, संध्याकाळपासून पहिल्यांदाच सरळ.

"माझ्याकडून राहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही ठेवलंत."

आणि ती मावशीपाशी जाऊन बसली.